कुंझुम उघडला का?

मे महिना उजाडला की मनालीच्या बाजारात एक प्रश्न सकाळ-संध्याकाळ फिरू लागतो. मोटरसायकली भाड्याने देणाऱ्या दुकानांपुढे, चहाच्या टपऱ्यांवर, बस स्थानकाच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी विचारत असते, ‘कुंझुम खुला क्या?’ विचारणाऱ्यांत पुण्या-ठाण्याहून आलेले, हेल्मेटला कॅमेरा बांधलेले तरुण असतात. गहू-तांदूळ आणि गॅसची सिलिंडरे घेऊन खोळंबलेले ट्रकवाले असतात. हिवाळा कुलू-मनालीत काढून आता वाटाण्याच्या पेरणीसाठी घरी परतू पाहणारी स्पितीची माणसेही असतात. तिघांचा प्रश्न एकच, पण प्रत्येकाला हवे असलेले उत्तर निराळे. आणि गंमत अशी, की ‘खुला’ एवढे उत्तर मिळाले तरी तिघांपैकी एकाचेही त्यावर भागत नाही.

कुंझुम ही हिमाचल प्रदेशातल्या लाहौल आणि स्पिती या दोन खोऱ्यांमधली खिंड. उंची ४,५५१ मीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा हजार फूट. रोहतांगच्या पलीकडच्या उतारावर ग्रामफू नावाचे एक ठिकाण आहे. गाव म्हणावे असे तिथे फारसे काही नाही. लेहची वाट सोडून काझाची वाट तिथे फुटते. ग्रामफू, छत्रू, छोटा दारा, बातल, मग चढून कुंझुम, उतरून लोसर आणि शेवटी स्पितीचे मुख्य गाव काझा, असा हा सुमारे १३५ किलोमीटरचा रस्ता. कागदावर तो ५०५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. प्रत्यक्षात लोसरच्या अलीकडे त्याचे बरेच तुकडे म्हणजे धोंडे, रेती, चिखल आणि वाहते पाणी यांची एक पट्टी. रुंदीकरणाचे काम काही वर्षांपासून चालू आहे. तरीही डांबरी रस्त्याला सरावलेल्या माणसाला इथे पहिल्या तासाभरातच ‘महामार्ग’ या शब्दाचा नवा अर्थ कळतो. देशभरातल्या मोटरसायकलवाल्यांना ही वाट खुणावते ती याच कारणासाठी.

पूर्वी इथे पोचायला रोहतांग ओलांडावा लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून लाहौलमध्ये जाणे बाराही महिने शक्य झाले. बोगद्यातून बाहेर पडून नदीच्या उगमाच्या दिशेने वळले की कोकसर आणि मग ग्रामफू. रोहतांगचा अडथळा गेला, पण त्यामुळे एक नवाच घोटाळा झाला आहे. सकाळी मनालीत नाश्ता केलेला माणूस दुपारच्या आत थेट कुंझुमच्या पायथ्याशी जाऊन उभा राहू शकतो. मनाली दोन हजार मीटरवर आणि बातल चार हजारांच्या आसपास. शरीराला एवढी घाई मानवत नाही. डोके दुखणे, मळमळणे, झोप उडणे यांतून सुरू होणारे दुखणे हट्टाने वर चढत राहिल्यास जिवावर बेतते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा डॉक्टरांचा साधा नियम आहे. बोगद्यातून येणारे बहुतेक जण तो पहिल्याच दिवशी मोडतात.

रस्त्याच्या सोबतीला चंद्रा नदी आहे. पुढे तांदीला ती भागा नदीला मिळते आणि दोघींची मिळून चंद्रभागा होते. हीच पुढची चिनाब. चंद्रभागा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वाळवंट, टाळ आणि पंढरपूरचा घाट उभा राहतो. इथली चंद्रभागा त्या नावाची असली तरी स्वभावाने अगदी वेगळी. राखाडी, गढूळ, बर्फाच्या पाण्याची आणि एका क्षणाचाही भरवसा न देणारी.

रस्ता आधी शोधावा लागतो

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला की कुंझुम बंद होतो. पीरपंजालची रांग मोसमी पावसाला आडवी येते, त्यामुळे स्पितीत पावसाळा नावालाच. तिथे पाणी येते ते हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर, बर्फाच्या रूपाने. हा बर्फ डिसेंबरपासून मार्चपर्यंत थरांवर थर चढवत राहतो. वाऱ्याने वाहून आणलेला आणि कड्यांवरून कोसळलेला बर्फ घळींत साचतो तो निराळाच. मार्चअखेर वरून पाहिले तर रस्ता कुठे होता हेच कळत नाही. डोंगराचा उतार आणि रस्ता यांची एकच पांढरी घसरगुंडी झालेली असते.

हा रस्ता मोकळा करण्याचे काम सीमा सडक संघटनेचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘बीआरओ’चे. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेली ही संघटना सरहद्दीकडचे रस्ते बांधते आणि राखते. कुंझुमवर यंत्रे दोन्ही बाजूंनी चालून येतात, एक तुकडी कोकसर-ग्रामफूकडून आणि दुसरी लोसरकडून. बर्फात गाडलेल्या रस्त्यावर बुलडोझर चालवणे म्हणजे डोळे मिटून गच्चीच्या कठड्यावरून चालण्यासारखे आहे. उजवीकडे हातभर जास्त गेले तर खाली चंद्रा. म्हणून इथे सगळ्यात मोलाचा असतो तो जुना, वळणे पाठ असलेला चालक. पहिल्यांदा एका गाडीपुरती वाट कापली जाते. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या राहतात, काही ठिकाणी माणसाच्या दुपटीने उंच. आठवडाभराचे काम एका रात्रीत हिमस्खलनाने भरून निघावे, हा प्रकार दर वर्षी घडतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

यंत्रांच्या मागून फावडी आणि घमेली घेऊन येणारी माणसे बहुतेक करून या डोंगरांतली नसतात. झारखंडातल्या दुमका आणि आसपासच्या भागातून पिढ्यान् पिढ्या मजूर हिमालयातल्या या रस्त्यांवर येत आले आहेत. जून २०२० मध्ये, टाळेबंदीनंतर, संघटनेच्या कामासाठी दुमक्याहून मजुरांची खास रेल्वेगाडी सोडावी लागली होती. संथाळ परगण्याच्या उन्हात वाढलेला माणूस मे महिन्यात चार हजार मीटरवर बर्फ उपसतो. मोटरसायकलवाले त्याच्याजवळून हात हलवून जातात आणि छायाचित्रे बर्फाच्या भिंतीची काढतात. भिंत कापणारा त्या चौकटीत क्वचितच येतो.

दोन्ही बाजूंची यंत्रे समोरासमोर आली की ‘कुंझुम खुला’ अशी बातमी सुटते. साल कसे आहे यावर तो दिवस एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो. आपल्याकडच्या शाळांची सुट्टी मेमध्ये आणि कुंझुमची सुट्टी संपते जूनमध्ये. या एका विसंगतीने किती मराठी कुटुंबांचे बेत मनालीतच विरघळले असतील, याचा हिशेब नाही.

‘खुला’ म्हणजे कोणासाठी?

बातमी सुटली तरी वाट लगेच सर्वांना खुली होत नाही. यंत्रांपाठोपाठ आधी सरकारी गाड्या, मग चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या जीपगाड्या, मग लहान मोटारी आणि मोटरसायकली असा बहुधा क्रम असतो. सुरुवातीला अमुक वेळेतच जायचे, किंवा एका दिवशी एकाच दिशेने वाहतूक, असेही बंधन येते. प्रशासनाची ही सावधगिरी पुष्कळांना जाचक वाटते. दहा दिवसांची रजा, रेल्वेने चंदिगढला पाठवलेली गाडी, परतीचे आरक्षण असे सगळे हिशेब घालून आलेल्या माणसाला ‘दोन दिवस थांबा’ हे शब्द फार लागतात. पण जीपला जो रस्ता खुला असतो तो मोटरसायकलला खुला असतोच असे नाही. जीपच्या दोन चाकांनी चिखलात खोल चाकोऱ्या पडतात आणि मोटरसायकलला त्यांतल्या एका चाकोरीत अडकून किंवा दोहोंमधल्या उंचवट्यावरून तोल सांभाळत जावे लागते. रात्री या चाकोऱ्या गोठून दगडासारख्या होतात. एकदा पुढचे चाक तीत शिरले की ती नेईल तिकडे जायचे.

कोकसर आणि सिस्सूच्या बाजूला या दिवसांत एक वेगळीच जत्रा भरलेली असते. बोगद्यातून बर्फ पाहायला आलेले पर्यटक, भाड्याचे लोकरी कोट, मक्याची कणसे आणि एटीव्ही. चार फुगीर चाकांच्या या उघड्या गाड्या बर्फाच्या मैदानात घरघरत फेऱ्या मारतात. रुंद टायरांत हवा कमी ठेवलेली असते, त्यामुळे भार पसरतो आणि त्या रुतत नाहीत. लहान मुलेही त्यांवर खुशीत बसतात. इथे दोन फेऱ्या मारून ‘बर्फात गाडी चालवणे काही अवघड नाही’ असा समज करून घेतलेला तरुण पुढे ग्रामफूच्या वळणावर सामानाने लादलेली मोटरसायकल घेऊन निघतो, तेव्हा त्याला कळते की चार रुंद चाकांचा आणि दोन अरुंद चाकांचा बर्फ एक नसतो.

मग खरी बातमी कुठे मिळते? समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याकडे. कोकसरला किंवा छत्रूच्या ढाब्यावर चहासाठी उतरलेल्या चालकाला ‘उस्ताद, आगे पानी कैसा है?’ असे विचारणारा स्वार शहाणा. ‘रास्ता कैसा है’ असे विचारणारा नवखा. रस्त्याला काय, तो इथे नेहमीच वाईट असतो. बोलायचे असते ते पाण्याविषयी. आणि चालक काही बोलला नाही तरी त्याच्या गाडीकडे पाहावे. चाकाच्या कुठल्या उंचीपर्यंत ओल आहे, ती ताजी आहे की वाळून पांढरी पडली आहे, यावरून पुढचा ओढा केवढा आणि चालकाने तो किती वाजता ओलांडला याचा अंदाज बांधता येतो. सकाळचे अकरा वाजले तरी समोरून एकही गाडी आलेली नसेल, तर तीही एक बातमीच.

सकाळची काच, दुपारची नदी

या वाटेवर पाणी म्हणजे नाले. आपल्याकडे नाला म्हटले की सांडपाणी डोळ्यांपुढे येते. हिमालयात नाला म्हणजे डोंगराच्या घळीतून सुटलेला, धोंडे गडगडत आणणारा ओढा. त्यांवर पूल बांधले तरी टिकणे कठीण, कारण ओढा दर वर्षी आपला पात्राचा मार्ग बदलतो. हिमालयात ठिकठिकाणी एखाद्या ओढ्याला ‘पागल नाला’ असे नाव पडलेले आढळते. बद्रीनाथच्या वाटेवर आहे, इकडेही आहे. एकाच दिवसात तो किती रूपे बदलतो, हे पाहिले की नावाची फोड करावी लागत नाही.

कारण साधे आहे. पाऊस नसतानाही या नाल्यांना रोज पूर येतो. सूर्य वर चढला की बर्फ वितळू लागतो, वितळलेले पाणी घळीतून खाली येईपर्यंत दुपार होते आणि दोन-तीन वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणी सर्वांत जास्त असते. रात्री वर सगळे गोठते, तशी धार आटत जाते आणि पहाटे-सकाळी ती सर्वांत कमी असते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून हसत पार केलेला नाला परतताना मांडीपर्यंत येतो आणि मोटरसायकलच काय, जीपही आडवी करतो.

म्हणजे अगदी पहाटे निघावे, असे कुणाही शहाण्याच्या मनात येईल. नेमकी इथेच वसंताची दुसरी खोडी आहे. दिवसा रस्त्यावर पसरलेले पाणी रात्री गोठते. सावलीतल्या वळणांवर त्याचा पातळ, पारदर्शक थर बसतो. खालची माती दिसत असते, म्हणून तो बर्फ आहे हेच कळत नाही. सूर्य डोंगराआडून वर येऊन वळणावर ऊन पडेपर्यंत तिथे काचेवरून गाडी चालवायची असते. ब्रेक लावला की संपलेच. सकाळी सातला काच आणि दुपारी दोनला नदी. या दोहोंच्या मध्ये मोटरसायकलला जे तीन-चार तास मिळतात तोच तिचा खरा ‘खुला’ रस्ता. कोणत्याही सरकारी फलकावर तो लिहिता येत नाही, कारण तो रोज बदलतो.

रोज कसा बदलतो याचा अंदाज आदल्या रात्रीच्या आभाळावरून येतो. चांदण्या लखलखीत दिसत असतील तर जमिनीची ऊब आकाशात निघून जाते, रात्र कडक गोठते. सकाळी नाल्याला पाणी कमी, पण वळणांवर काच जास्त. अशा दिवशी तासभर उशिरा निघाले तरी चालते. रात्रभर आभाळ भरलेले असेल तर वरचा बर्फ नीट गोठतच नाही. सकाळी रस्त्यावर काच नसते, पण चिखल असतो आणि नाल्याचे पाणी पहाटेच नेहमीहून जास्त असते. वरून पाऊस किंवा ओला बर्फ सुरू झाला असेल तर त्या दिवशी बिछान्यातच राहावे हे उत्तम. छत्रूच्या तंबूत पडून कंटाळा येतो खरा, पण बातलच्या अलीकडे दोन भरल्या नाल्यांच्या मध्ये अडकून येणारी रात्र कंटाळवाणी नसते.

नाल्याशी पोचल्यावर पहिले काम गाडी थांबवून उतरण्याचे. हे सांगायला सोपे, करायला अवघड, कारण मागे दहा-बारा गाड्या असतात आणि पुढचा नुकताच पार झालेला असतो. जाणता स्वार तरीही उतरतो. काठी घेऊन आधी पायी पाण्यात जातो. पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही, म्हणून धोंडे काठीने आणि पायानेच चाचपावे लागतात. पात्र जिथे अरुंद तिथे पाणी खोल आणि जोराचे. जिथे ते पसरट आणि खळखळते, तिथे उथळ. नवखा माणूस नेमका अरुंद जागा शोधतो, कारण तिथे अंतर कमी दिसते. मग वाट ठरवायची, पहिला गिअर, एकसारखा वेग आणि नजर पलीकडच्या काठावर. मध्येच थांबला की चाकाखालची रेती वाहून जाऊ लागते.

सह्याद्रीत पावसाळ्यात गाड्या चालवलेल्या मुलांना इथे उगाचच धीर वाटतो. ताम्हिणीत, वरंध्यात रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून ते शेकडो वेळा गेलेले असतात. फरक पाण्याच्या तापमानाचा आहे. ताम्हिणीचे पाणी अंगावर घ्यावेसे वाटते. चंद्राच्या खोऱ्यातले पाणी काही मिनिटांपूर्वी बर्फ होते. दुसऱ्या-तिसऱ्या नाल्यानंतर बुटात ते भरते, पाय बधिर होतात, हातमोजे भिजले की बोटे क्लच दाबेनाशी होतात आणि चौथ्या नाल्यात गाडी पडते ती चुकीने नव्हे, बोटांनी आज्ञा न पाळल्याने. म्हणून कोरड्या मोज्यांचे दोन-तीन जोड आणि वर चढवायचे रबरी बूट या गोष्टी महागड्या जाकिटापेक्षा अधिक उपयोगी पडतात. गाडीही माणसासारखीच दमते. कुंझुमच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साडेपाच-सहा दशांशच असतो. इंजिनाला श्वास पुरत नाही आणि चढावर ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. जुन्या कार्बोरेटरच्या बुलेट इथे काळा धूर ओकत कण्हत चढायच्या. इंधन मोजून सोडणाऱ्या आताच्या गाड्यांचा धूर गेला, पण हवा काही वाढलेली नाही.

आणखी एक फसवी जागा म्हणजे बर्फाचा पूल. हिमस्खलनाने घळ भरून जाते, रस्ता त्या बर्फावरूनच कापला जातो आणि नाला खालून बोगदा पोखरत वाहत राहतो. मेमध्ये हे छप्पर जाड असते. उन्हाबरोबर ते खालून पातळ होत जाते, वरून पाहणाऱ्याला मात्र तसेच दिसते. कडेला जाऊन वाकून पाहिले तर पोकळी दिसते, पाण्याचा आवाज पायाखालून येतो. अशा ठिकाणी गाड्यांनी एकामागोमाग एक न जाता अंतर ठेवून, एकेकाने जावे. कडेवर उभे राहून छायाचित्र तर मुळीच काढू नये.

शिग्रीच्या समोर

छत्रूला नदी ओलांडली की खोरे रुंदावते आणि झाडे संपतात. छोटा दारा ते बातल या पट्ट्यात नदीपलीकडे शिग्री हिमनद्यांची तोंडे आहेत. शिग्री म्हणजेच हिमनदी. बडा शिग्री सुमारे २८ किलोमीटर लांब आहे, हिमाचलातली सर्वांत मोठी. तिची धाकटी बहीण छोटा शिग्री आकाराने किरकोळ असली तरी शास्त्रज्ञांच्या दृष्टीने फार मोलाची. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले संशोधक २००२ पासून दर वर्षी तिचे मोजमाप करीत आले आहेत. हिवाळ्यात किती बर्फ साठला आणि उन्हाळ्यात किती गेला, याचा जमाखर्च ते मांडतात. एकूण कल खर्चाकडे आहे. नाल्यावर काठी घेऊन उभा राहिलेला मोटरसायकलवाला आणि हिमनदीवर खुंट्या रोवणारा संशोधक, दोघेही एकाच पाण्याचा अंदाज घेत असतात. एकाला दुपारचा हवा असतो, दुसऱ्याला पन्नास वर्षांचा.

बातलला पुन्हा पूल ओलांडायचा. दगडी भिंती आणि ताडपत्री यांचे दोन-चार ढाबे, राजमा-चावल, ऑम्लेट, चहा आणि रात्री अंगावर घ्यायला जड रजया. हे ढाबे हिवाळ्यात बंद असतात. वाट उघडली की माणसे येऊन आधी छपरावरचा बर्फ उपसतात, मग चूल पेटवतात. चूल पेटली आहे की नाही, ही वाटेच्या तब्येतीची एक उत्तम खूण आहे.

बातलच्या पुढे डावीकडे चंद्रतालची वाट फुटते. सुमारे ४,३०० मीटरवरचे हे सरोवर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले. कुंझुमपाठोपाठ ही वाटही उघडते, पण तिथे वसंतात गाडी नेण्याबद्दल थोडे थांबून विचार करावा. बर्फ नुकताच हटलेली कुरणे स्पंजासारखी पाणी धरून असतात. रस्त्यात चिखल आहे म्हणून कुणी गाडी बाजूच्या गवतावर घातली की चाकांचे खोल चर पडतात. इथे गवत वाढायला वर्षातून जेमतेम तीन महिने मिळतात, त्यामुळे तो चर वर्षानुवर्षे बुजत नाही. पुढच्या पावलांचे आणि पाण्याचे ओहोळ तोच मार्ग धरतात आणि कुरण फाटत जाते. उन्हाळ्यात मेंढ्या-शेळ्यांचे कळप घेऊन मेंढपाळ याच गवताच्या भरवशावर येतात. चिखलातून जाता येत नसेल तर परत फिरावे. चिखल टाळून गवतातून जाणे ही हुशारी नव्हे, दुसऱ्याच्या ताटातला घास आहे.

कुंझुमचा लहरीपणा वसंतापुरता नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे. सप्टेंबर २०१८ मध्ये अवेळी बर्फ पडून लाहौल-स्पितीत शेकडो लोक अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, चंद्रतालला अडीचशेहून अधिक पर्यटक बर्फात कोंडले गेले. त्यांच्यासाठी लोसरकडून कुंझुम नव्याने मोकळा करावा लागला. जो रस्ता एकदा वसंतात खोदून काढला होता, तोच जुलैत पुन्हा खोदला गेला. त्या बचावात स्थानिक गावकरीही उतरले होते. स्पितीची माणसे या बाबतीत फार तक्रार करीत नाहीत. पण ज्या बुलडोझरने त्यांचा वाटाणा आणि त्यांचे आजारी माणूस न्यायचे, तो हौशी लोकांना सोडवण्यात गुंतला तर त्यांच्या मनात काय येत असेल, हे न सांगताही समजण्यासारखे आहे. हिरवा वाटाणा हे इथले नगदी पीक. जुलै-ऑगस्टमध्ये तो निघाला की ट्रक भरून याच वाटेने मैदानात जातो. एका आठवड्याचा उशीर म्हणजे पिवळा पडलेला माल.

ज्याला स्पिती पाहायचीच आहे आणि कुंझुमच्या तारखेवर सुट्टी टांगून ठेवायची नाही, त्याने उलटी वाट धरावी. सिमल्याहून किन्नौर, नाको, ताबो करीत काझाला पोचणारा रस्ता चारशेहून अधिक किलोमीटरचा आहे. दरडींचा त्रास सोडला तर तो हिवाळ्यातही बहुतांशी चालू असतो. लांब पडतो, पण उंची हळूहळू वाढते, डोके दुखत नाही आणि वाटेत इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ पाहायला मिळतो. काझाला पोचून मग कुंझुमची चौकशी करायची. खुला असेल तर ओलांडून मनालीत उतरायचे, नसेल तर आल्या वाटेने परत. मोटरसायकलवाल्यांत ही वाट जरा कमी मर्दानी मानली जाते. मानोत बापडे.

खिंडीच्या माथ्यावर कुंझुम देवीचे छोटे मंदिर, चोर्तेन आणि वाऱ्याने फडफडणाऱ्या पताका आहेत. इथून जाणारी प्रत्येक गाडी, ट्रक असो की मोटरसायकल, मंदिराला उजवी घालून मगच पुढे जाते. दगडाला नाणे चिकटवून पाहण्याची चाल आहे. चिकटले तर देवी प्रसन्न. वसंतात मंदिर अर्धे बर्फात असते आणि प्रदक्षिणेची वाटही बुलडोझरनेच कापलेली असते. रस्ता मोकळा करणारे आधी देवीभोवतीचा बर्फ काढतात, मग स्वतःला चहा करतात.

इथे पाणी दोन दिशांना फुटते. अलीकडचे चंद्राला जाते आणि चिनाब होते. पलीकडचे स्पिती नदीला मिळून खाबला सतलजमध्ये पडते. एकाच माथ्यावरचे दोन थेंब असे शेकडो किलोमीटर दूर जातात आणि थेट पाकिस्तानात पंचनदाला पुन्हा भेटतात.

पलीकडचा उतार कोरडा, तपकिरी. नाले इकडे कमी आणि धारही सौम्य. खाली लोसरची पांढरी घरे, गोठ्यांवर रचलेला चारा आणि नांगरलेले काळे वाफे दिसू लागतात. मेअखेरीला इथे पेरणी चाललेली असते. गावाच्या तोंडाशी पोलीस चौकी आहे. तिथे उतरून वहीत नाव, गाडीचा क्रमांक आणि कुठून कुठे हे लिहायचे. वही लिहून घेणाऱ्यालाही एक गोष्ट विचारायचीच असते, कारण काझाकडून आलेले तीन ट्रक सकाळपासून चौकीपाशी उभे आहेत आणि त्यांचे चालक कान देऊन ऐकत आहेत.

‘बातल से कितने बजे निकले? पानी कहाँ तक था?’